गिरणी लालबागला, कुलूप पोलादपूरला



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलून ठेवलं आहे. त्यात मी भर घालत नाही. संयोजकांनी मला विषय दिला तो असा : कारखाना बंद पडल्यावर गावाचं काय? पत्रिका वाचून आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटलं असेल, की आज एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीचं नाव निघणार. काही जण त्यासाठीच आले असतील. त्यांची थोडी निराशा होईल.

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांनी सोसलेली सर्वांत मोठी कारखानाबंदी या दोन तालुक्यांत झालीच नाही. ती झाली इथून पावणेदोनशे किलोमीटरवर, लालबाग-परळ-वरळीत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांमधला संप सुरू झाला. साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. डॉ. दत्ता सामंतांनी पुकारलेला तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही, असं आजही म्हटलं जातं, आणि ते खरं आहे. संप संपला नाही, गिरण्या संपल्या. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत गेटवरच्या सभा आहेत, मोर्चे आहेत, लाठीमार आहे. पोलादपूर नाही. किनेश्वर नाही, उमरठ नाही, कुडपण नाही. आणि माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की ही गावं पुढे सरकारी कागदातही कधी आली नाहीत. कारखाना बंद होतो तेव्हा त्याच्या फाटकाशी याद्या तयार होतात : कामगारांची यादी, सावकारांची यादी, यंत्रांची यादी, जमिनीची यादी. गावांची यादी कोणी करत नाही.

आधी हे बघू, की इथला माणूस गिरणीत गेला कसा. पोलादपूर तालुक्याचा नकाशा घेतला तर सपाट जागा शोधावी लागते. एका बाजूला महाबळेश्वरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला कशेडी, मधून सावित्री. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि दिवाळीनंतर विहिरीचा तळ दिसू लागतो. खाली भात, वर डोंगरउतारावर नाचणी आणि वरी. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण खोत गेला म्हणून खाचर मोठं झालं नाही. चार भावांत वाटणी झाली की एकाच्या वाट्याला येणारं भात शिमग्यापर्यंत पुरायचं. शिमग्यापासून पुढच्या नव्या भातापर्यंतचे सात-आठ महिने रोख पैशावर काढायचे, आणि रोख पैसा या डोंगरात कुठे उगवत नव्हता.

मुंबईची वाट मात्र जुनी होती. रस्ता धड होण्याआधी बोट होती. सावित्रीच्या खाडीतून दासगाव बंदरापर्यंत बोटी यायच्या. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला बाबासाहेब आले तेही दासगावला बोटीतूनच उतरले. त्याच दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची इथली बांधणी करणाऱ्यांत ते अग्रभागी होते, आणि पुढे मुंबईत कम्युनिस्ट पक्षाचे, कामगार चळवळीचे कार्यकर्ते झाले. एका माणसाच्या आयुष्यात चवदार तळं आणि गिरणगाव दोन्ही येतात, यात इथल्या लोकांना नवल वाटणार नाही. घराघरात तेच होतं. वडील नायगावला, चुलता शिवडीला, थोरला भाऊ बदलीवर.

हे ‘बदलीवर’ प्रकरण तरुणांसाठी थोडं सांगायला हवं. गिरणीत कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या जागी उभा राहणारा तो बदली. रोज पाळीच्या वेळेला गेटवर हजर राहायचं, नाव पुकारलं तर काम, नाही तर परत खोलीवर. कित्येकांची आठ-दहा वर्षं बदलीत गेली. गिरणीमालकाला ते सोयीचं होतं हे उघड आहे. पण गावाशी नातं टिकलं तेही या व्यवस्थेमुळे. कायम माणूस मे महिन्यात घर शाकारायला, आषाढात लावणीला गावी यायचा आणि त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, गावचाच दुसरा कोणी बदली म्हणून उभा राहायचा. म्हणजे गिरणीचं हजेरीपुस्तक आणि इथल्या शेतीचं पंचांग एकमेकांना सांभाळून चालत होतं. गावाच्या नावाने घेतलेली एक खोली असायची, तिच्यात पाळीपाळीने झोपणारी पंधरा-वीस माणसं, खानावळीचा डबा आणि भिंतीवर ज्याच्या त्याच्या खुंटीला ज्याची त्याची पिशवी. गावात कोणाचं लग्न अडलं, देवळाचा जीर्णोद्धार निघाला, कोणाला केईएममध्ये दाखल करायचं झालं, तर निर्णय त्या खोलीत व्हायचा. आजही आपल्याकडे प्रत्येक वाडीचं ‘मुंबई मंडळ’ असतं, ते त्या खोलीचं वारस.

आणि मग मनीऑर्डर. पगार झाला की चार-सहा दिवसांत गावात टपालवाला. त्या फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी चार बोटं जागा असायची, आणि त्या चार बोटांत बैलाचं औषध, मुलाची फी, भावकीतला बांधाचा तंटा आणि तब्येतीची चौकशी एवढं सगळं कोंबलेलं असायचं. मजकूर लिहिणाराही बहुधा दुसराच, वाचणाराही दुसराच. ही मनीऑर्डर खर्च कुठे व्हायची ते बघा. रेशन, कापड हे आहेच. पण तिच्यातून लावणीच्या गड्यांची मजुरी जायची, बैलजोडी घेतली जायची, राबासाठी कवळ तोडायला माणसं लावली जायची. कोकणातली भातशेती स्वतःच्या पायावर उभी होती आणि चाकरमान्यांच्या पैशाने वरची चैन चालायची, असा जो समज आहे तो उलटा आहे. शेतीच मनीऑर्डरवर चालत होती. गिरणीचा पगार हा इथल्या भाताचं भांडवल होता. टपाल खात्याने ती जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद केली. आपल्या बहुतेक वाड्यांच्या दृष्टीने ती त्याआधी तीस वर्षं बंद झालेली होती.

संपाच्या पहिल्या उन्हाळ्यात माणसं गावी आली. कोणाला फारशी चिंता नव्हती. आजवरचे संप महिना-दोन महिन्यांत मिटले होते. लावणी झाली, गणपती झाले, भात कापून झालं, दिवाळी झाली आणि संप चालूच. पहिल्यांदा गेली ती बायकांच्या अंगावरची चीजवस्तू. मग दुभतं जनावर. बैल शेवटी, कारण बैल विकणं म्हणजे पुढच्या वर्षीचं शेत विकणं. ऑक्टोबर १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, पण सगळ्यांना परत घेतलं नाही. ज्यांना घेतलं नाही त्यांनी ‘हिशेब’ घेतला. फंड आणि ग्रॅच्युइटीची ती रक्कम हातात आली तेव्हा निम्मी आधीच कर्जात गेलेली होती.

पुढची गोष्ट मुंबईची आहे आणि ती सर्वांना माहीत आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला, अशी वाटणी आली. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली, म्हणजे जवळजवळ संपली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. त्याआधी वर्षभर, २००५ मध्ये, मुंबई टेक्सटाइल मिलची सतरा एकर जमीन ७०२ कोटींना गेली. कामगारांना घरं द्यायचं ठरलं, म्हाडाच्या सोडती निघाल्या, पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले आणि घरं त्या मानाने फारच थोडी निघाली. आता शेलू-वांगणीच्या घरांची चर्चा आहे. मी त्या लढ्याच्या विरोधात नाही. चाळीस वर्षांनी का होईना, ज्याने गिरणी चालवली त्याला छप्पर मिळावं, यात वाद कसला? पण एक गोष्ट बघा. गिरणीबंदीबद्दल जी म्हणून भरपाई ठरली, ती सगळी मुंबईच्या जमिनीच्या रूपात ठरली. चर्चा जमिनीची, कारण भाव जमिनीला होता. ज्या वाडीतून तो कामगार गेला, जिथे त्याची बायको भात लावत होती, जिथे त्याचा पगार भांडवल म्हणून जिरत होता, त्या वाडीला गिरणीबंदीच्या नावाने एक विहीरसुद्धा मिळाली नाही. कोणी नाकारली असं नाही. कोणी मागितलीच नाही, कारण मागायला रकानाच नव्हता.

आपल्याकडे संकटाला रकाना लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-पोलादपूर दरम्यान सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. माणसं गेली, एसटीच्या गाड्या गेल्या. पुढच्या जूनमध्ये नवा पूल उभा होता. जुलै २०२१ मध्ये तळियेवर दरड आली, आपल्या पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत दरड आली, महाड शहर पुराखाली गेलं. त्या मदतीबद्दल, पुनर्वसनाला लागलेल्या वेळाबद्दल तक्रारी आहेत आणि त्या रास्त आहेत. पण तलाठी आला, पंचनामा झाला, कोणाचं काय गेलं ते कागदावर आलं. गिरणी बंद पडते तेव्हा तलाठी येत नाही. दरड एका रात्रीत पडते, ही दरड दहा वर्षं पडत राहते आणि खाली कोण आहे हे मोजलं जात नाही.

ते मोजणं शक्य असतं. ऑस्ट्रियात, व्हिएन्नाच्या आग्नेयेला मारिएनथाल नावाची कामगार वस्ती आहे. तिथली कापडगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल या तिघांनी मंडळी घेऊन जाऊन त्या गावाचा बारीकसारीक अभ्यास केला आणि १९३३ मध्ये तो छापला. त्यांनी काय काय मोजलं? कोणाच्या डब्यात काय आहे ते मोजलं. वाचनालयातून किती पुस्तकं जातात ते मोजलं, आणि आढळलं की हातात वेळच वेळ असूनही, वर्गणी माफ करूनही, पुस्तकं नेणं जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. रस्त्यावरून माणसं कशी चालतात तेही घड्याळ लावून मोजलं. पुरुष रेंगाळत, थांबत थांबत चालत होते. बायका थांबत नव्हत्या. त्यांना वेळच नव्हता; त्यांची गिरणी बंद पडली असली तरी चूल, पाणी, मुलं बंद पडलेली नव्हती.

हे वाचताना मला पारावर बसलेले आपले गिरणीकामगार दिसतात. चांगले धडधाकट, चाळिशीतले. चार-चार साचे सांभाळणारा माणूस गावात येऊन एकाएकी बिनकामाचा झाला. शेतात त्याला गती नव्हती, कारण शेत त्याच्या बायकोने वीस वर्षं चालवलेलं. सातबारा त्याच्या नावावर, शेताची अक्कल तिच्याकडे. या घरांत काय काय घडलं असेल याची कल्पना करा. कथा-कादंबऱ्यांत गिरणगाव आलं आहे, या पारावरचा माणूस फारसा आलेला नाही.

मारिएनथालची पुढची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच गावात, ऑक्टोबर २०२० मध्ये, ऑस्ट्रियाच्या रोजगार खात्याने एक प्रयोग सुरू केला : वर्षभराहून जास्त काळ बेकार असलेल्या प्रत्येकाला कामाची हमी. जगभर त्याचं कौतुक झालं. व्हायलाच हवं. पण महाराष्ट्राने कामाच्या हमीचा कायदा १९७७ मध्ये केला होता. वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली रोजगार हमी. बहात्तरच्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली, पुढे २००५ मध्ये केंद्राने त्याच धर्तीवर कायदा केला. मग ८२ च्या बंदीनंतर ही हमी पोलादपूरच्या कामी का आली नाही? माझ्या मते कारण साधं आहे. योजना दुष्काळासाठी, देशावरच्या शेतमजुरासाठी बेतलेली होती. पाझर तलाव, खडी फोडणं, मातीकाम. गिरणीतून आलेला माणूस, ज्याने आयुष्यभर पगारपत्रकावर सही केली, तो गावातल्या लोकांसमोर खडी फोडायला जाणार नव्हता. त्यात जातीचीही गोष्ट होती आणि अब्रूचीही. आणि कोकणात पाऊस एवढा पडतो म्हटल्यावर इथे दुष्काळाची योजना कशाला, असं अधिकाऱ्यांनाही वाटायचं.

रोजगार हमीने कोकणाला खरं काही दिलं असेल तर ते १९९० साली. रोहयोतून फळबाग लागवड. स्वतःच्या जमिनीत कलमं लावायची आणि खड्डे खणण्यापासून मजुरी सरकारने द्यायची. पडीक वरकस जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला तो यामुळे. कोकणातल्या कुठल्याही योजनेपेक्षा या योजनेने जास्त केलं असं मी म्हणेन, आणि तरी आपल्या दोन तालुक्यांपुरतं तिचं फळ अर्धंच पदरात पडलं. का, ते सांगतो, कारण इथून पुढे कोणी योजना आखणार असेल तर त्याला ते ठाऊक असायला हवं.

एक तर आपण किनाऱ्यावर नाही. देवगड-रत्नागिरीचा हापूस मार्च-एप्रिलमध्ये वाशीला पोचतो आणि भाव खातो. आपल्याकडे मोहर उशिरा, आंबा मेच्या मध्याला, कधी शेवटाला. तोवर भाव उतरलेला आणि वळवाचे ढग डोक्यावर. दुसरं म्हणजे कलम लावणं एका दिवसाचं काम, जगवणं तीन उन्हाळ्यांचं. डोंगरातल्या वाडीत मार्चनंतर प्यायला पाणी नसतं, तिथे कलमाला हंडा कोण घालणार? ज्या घरात बाई होती आणि जिची बाग विहिरीपासून फार लांब नव्हती तिथे कलमं जगली. बाकीच्या ठिकाणी खड्डे राहिले. पुढे २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकरांच्या नावाने जी फळबाग योजना आली, तिच्यात अनुदान तीन वर्षांत वाटून आणि झाडं जगल्याच्या टक्केवारीवर आहे. हे शहाणपण जुन्या अनुभवातूनच आलं असावं. काजू त्या मानाने चिवट. पण बी घरात पडते आणि व्यापारी येऊन घेऊन जातो. फोडणी, सोलणी, प्रतवारी सगळं दुसरीकडे. आपण कच्ची बी विकतो आणि लग्नात काजूकतली विकत घेतो.

आणि एक नुकसान असं आहे जे कुठल्याच अहवालात नाही. वाल. भात कापल्यावर खाचरात जी ओल राहते तिच्यावर वाल, हरभरा, चवळी, मूग पेरायचे. आपला कडवा वाल. खत नाही, पाणी नाही, माघ-फाल्गुनात शेंग. पोपटी लावायची ती याच शेंगांची. आज भाताच्या मागे किती खाचरं वालाने हिरवी दिसतात? लोक सांगतील, गुरं मोकाट सुटतात, म्हणून पेरत नाही. बरोबर आहे. पण गुरं मोकाट का सुटतात? राखायला माणूस नाही म्हणून. माणूस का नाही? गिरणी होती तोवर एक भाऊ मुंबईत आणि एक घरी, असा मेळ बसत होता. मुंबईतल्या भावाचा पगार घरच्या भावाला गावात थांबू देत होता. पगार गेला तसा घरचा भाऊही निघाला, सुरतेला, पुण्याला, वॉचमन म्हणून, हॉटेलात, जमेल तिथे. वाडीत एकाने वाल पेरून भागत नाही. सगळ्यांनी पेरला आणि सगळ्यांनी गुरं बांधली तरच वाल हाती लागतो. पाच घरांनी पेरणं सोडलं की उरलेल्या पंधरांचं पीक गुरं खातात. २०११ च्या जनगणनेत पोलादपूर तालुक्याची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत होती. एवढ्या मोठ्या मुलखात एवढी थोडी माणसं, आणि त्यातही म्हातारी नि मुलं अधिक. गिरणीला कुलूप ८२ ला लागलं. या घरांना एकेक करून नंतर लागत गेलं, आणि ही कुलपं गणपतीत आठ दिवस उघडतात.

आता एमआयडीसीकडे येतो. बिरवाडी, जिते, आसनपोई, कांबळे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत इथे रासायनिक कारखाने आले. आयबुप्रोफेन हे दुखण्यावरचं औषध जगभर खपतं, त्याला लागणारा एक मूळ कच्चा माल १९९२ पासून महाडात बनतो, हे इथल्या कॉलेजातल्या मुलांना माहीत असतं का, मला शंका आहे. गिरणी गेली आणि रसायन आलं, असा हिशेब पुढारी मांडतात. तो जुळत नाही. गिरणीत निरक्षर माणूस आठवड्यात धागा जोडायला शिकायचा. रिअ‍ॅक्टरवर उभं राहायला बीएस्सी किंवा आयटीआय लागतं, आणि कोट्यवधींच्या यंत्रावर एका पाळीला मोजकी माणसं पुरतात. बाकीची भरती कंत्राटदाराकडून : ड्रम उचलणं, साफसफाई, बॉयलरचा कोळसा, बागकाम. ऐंशी टक्के नोकऱ्या स्थानिकांना, असं राज्याचं धोरण आहे खरं. पण त्या धोरणात महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिलेला कोणीही स्थानिक धरला जातो. कुडपणच्या मुलाला त्याचा उपयोग किती?

या कारखान्यांच्या सांडपाण्याने सावित्रीचं काय झालं ते मी सांगायला नको. खाडीकाठचे भोई समाजाचे लोक ते माझ्यापेक्षा नेमकं सांगतील. कारखाना चालू असताना ज्याचा धंदा गेला, त्याला कारखाना बंद पडला म्हणून तो परत मिळत नाही. त्याच्यासाठी एक बंदी आधीच होऊन गेलेली आहे.

उद्या यातली एखादी कंपनी बंद झाली तर? बंद होण्याला हल्ली कारणं अनेक : आग, प्रदूषण मंडळाचा आदेश, कर्ज, चिनी माल, किंवा मालकाने गुजरातेत मोठा प्लांट टाकणं. कायदा काय देतो ते बघू. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तर साठ दिवस आधी सरकारला नोटीस. कायम कामगाराला वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई. नव्या औद्योगिक संबंध संहितेत, जी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, कामावरून कमी केलेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकण्यासाठी मालकाने आणखी पंधरा दिवसांचा पगार निधीत भरायचा आहे. शिवाय ईएसआयसीची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ पासून आहे : कारखाना बंद पडून नोकरी गेली, तर अटी पुऱ्या करणाऱ्या विमाधारकाला पहिलं वर्ष निम्मा आणि दुसरं वर्ष पाव पगार. ही योजना किती जणांना ठाऊक आहे? या सभागृहात हात वर करायला सांगत नाही, पण घरी जाऊन ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो त्यांना जरूर सांगा.

हे सगळं चांगलं आहे आणि हे सगळं हजेरीपटावरच्या माणसासाठी आहे. बिरवाडीत खोल्या बांधून भाड्याने देणारा, पतपेढीचं कर्ज काढून टेम्पो घेतलेला, गेटसमोर वडापावची गाडी लावणारा, डबे पोचवणारी बाई, हे त्या हजेरीपटावर नाहीत. कंपनी दिवाळखोरीत गेली तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे कामगारांच्या शेवटच्या चोवीस महिन्यांच्या देण्याला बँकांच्या बरोबरीची जागा आहे. डबेवाल्या बाईची तीन महिन्यांची उधारी कंपनीकडे नाहीच, ती कामगारांकडे आहे, आणि कामगार बिहारला निघून गेले. ती कोणाच्या दारात उभी राहणार?

आपल्याच जिल्ह्यातलं रसायनीचं उदाहरण घ्या. १९६० मध्ये स्थापन झालेली सरकारी हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स. त्या गावाचं नावच कारखान्यावरून पडलं. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिथले तोट्यातले प्लांट बंद करायचा निर्णय घेतला. एक प्लांट इस्रोला, ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला, देणी भागवायला सुमारे हजार कोटी. सरकारी कारखाना असल्याने निदान सगळं ठरवून झालं. पण त्या निर्णयात यंत्र आहे, एकर आहेत, कर्ज आहे, कर्मचारी आहेत. भोवतालची गावं आहेत का, ते शोधून बघा.

कारखाना बंद पडला की सरकार आणि कंपन्यांचे सामाजिक निधी दोन गोष्टी हमखास करतात : शिवणयंत्रं वाटतात आणि ब्युटीपार्लरचा कोर्स काढतात. पोलादपूरच्या बाजारपेठेला किती पार्लर लागतात, हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्यापेक्षा महाडच्या नाक्यावर सकाळी सहाला उभं राहा. दुधाच्या पिशव्यांच्या गाड्या घाटावरून येतात, भाजी घाटावरून येते, अंडी बाहेरून येतात. राज्याभिषेक सोहळ्याच्या चार दिवसांत लाखभर माणसं रायगडावर चढतात, तेव्हा पाचाड-हिरकणीवाडीत पिठलं-भाकरी लागते ती तिथल्या बायका करतात, पण त्यातला तांदूळ कुठला? मागणी दारात आहे. पुरवठा करायला लागतं ते पहिल्या तीन वर्षांचं भांडवल, गुरं बांधायचा वाडीचा एकमुखी निर्णय आणि उन्हाळ्यात टिकणारी विहीर. ‘उमेद’ अभियानाचे बचत गट आहेत, बायका हिशेबाला पक्क्या आहेत. त्यांना दहा-वीस हजारांचं कर्ज देऊन लोणचं-पापडात अडकवून ठेवलं आहे. काजू फोडायचं युनिट काढायला त्यांच्याकडे जमिनीचा तुकडा नावावर नाही, म्हणून बँक दारात उभं करत नाही. गिरणीच्या काळापासून सातबारा जिथे होता तिथेच आहे.

म्हणून माझी सूचना लहान आहे आणि ती सरकारला नाही, इथे बसलेल्या सरपंचांना आणि ग्रामपंचायत सदस्यांना आहे. कारखाने चालू आहेत तोवर यादी करा. बंद पडल्यावर कोणी आकडे देत नाही आणि कोणी ऐकतही नाही. एका ग्रामसभेचा विषय आहे. आपल्या गावातून कोणत्या कंपनीत किती माणसं जातात; त्यात कायम किती, कंत्राटी किती, कंत्राटदार कोण; कोणाचा फंड आणि ईएसआय खरोखर भरला जातो; कोणत्या घरात बाहेरून, मुंबई-पुण्याहून किंवा आखातातून, पैसा येतो; कोणी कशासाठी कर्ज काढलं आहे आणि ते कुठल्या पगाराच्या भरवशावर आहे; शेत कसतं कोण आणि सातबारा कोणाच्या नावावर. टेम्पो, भाड्याच्या खोल्या, खानावळी वेगळ्या लिहा. ही माहिती खाजगी आहे, म्हणून घरांची नावं दप्तरात ठेवा आणि बेरजा तेवढ्या ठरावात घ्या. तो ठराव तहसीलदारांना, कामगार उपायुक्तांना आणि एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवा आणि पोच घ्या. साठ दिवसांची नोटीस ज्या दिवशी सरकारकडे जाईल, त्या दिवशी तिच्याशेजारी ठेवायला गावाकडे स्वतःचा कागद असेल. पोलादपूर तालुक्यातल्या गावांनी एमआयडीसी आपल्या हद्दीत नाही म्हणून हा विषय सोडू नये. ८२ साली गिरणीही आपल्या हद्दीत नव्हती. पुढची ग्रामसभा जवळ आहे, विषयपत्रिका सात दिवस आधी लावावी लागते, आणि नमुना हवा असेल तर कार्यक्रमानंतर मी इथेच थांबलेला आहे.